रविवारचा उपदेश आणि सोमवारचं 'म्हणून'

यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश संपला, तेव्हा 'आज छान बोलले' असं म्हणत कोणी घरचा रस्ता धरला नाही. लोकांनी विचारलं, "तर मग आम्ही काय करावं?" लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न लागोपाठ तीन वेळा येतो. आधी लोकसमुदाय विचारतो, मग जकातदार, मग शिपाई. उपदेश सगळ्यांनी एकच ऐकलेला, पण उत्तरं तीन. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला नाही त्याला एक द्यावा आणि अन्नाचंही तसंच करावं, हे सर्वांना. नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, हे जकातदारांना. धाक दाखवून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात तृप्त राहा, हे शिपायांना.

योहान जकातदाराला जकातनाका सोडायला सांगत नाही. शिपायाला तलवार टाकायला सांगत नाही. त्याच्या रोजच्या कामात ज्या नेमक्या जागी पाप घडतं, त्या जागेवर तो बोट ठेवतो. जकातदाराचं पाप वसुलीच्या आकड्यात असतं, शिपायाचं हातातल्या सत्तेत असतं, आणि साध्या माणसाचं घरात टांगून ठेवलेल्या दुसऱ्या अंगरख्यात. 'पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या' हे योहानाचं केवढं मोठं वाक्य! ते मोजता येईल अशा एका वस्तूपर्यंत खाली उतरतं, तेव्हाच उपदेश घरी आला असं म्हणता येतं.

आपलं गाडं बहुतेक वेळा त्या उतरणीवर अडतं. उपदेश आवडत नाही असं नसतं. मन हलतं, कधी डोळे भरून येतात, शेवटच्या गीतात आवाज जड होतो. पण सोमवारी सकाळी 'कालच्या उपदेशातून तू काय करायचं ठरवलंस?' असं कोणी विचारलं, तर सांगायला एक वाक्य नसतं. असतं ते 'प्रीतीवर होता' किंवा 'विश्वासावर होता' एवढंच. विषय लक्षात असतो, वचन निसटलेलं असतं.

याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात या निसटण्याचं चित्र काढलंय. वचन नुसतं ऐकणारा माणूस म्हणजे आरशात आपलं तोंड पाहून निघून जाणारा माणूस. आपण कसे होतो हे तो लगेच विसरतो. तेव्हाचे आरसे आजच्यासारखे काचेचे नसत, घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. त्यात चेहरा अंधूक दिसे, धावता कटाक्ष टाकून भागत नसे. म्हणून पुढच्याच वाक्यात याकोब दुसऱ्या माणसाबद्दल सांगतो, जो निरखून पाहतो आणि तसाच पाहत राहतो. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ वाकून आत डोकावणं असा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात धावत आलेला शिष्य रिकाम्या कबरेत ओणवून पाहतो, तिथेही हेच क्रियापद आहे. उपदेश ऐकून झाल्यावर वचनाकडे असं वाकून पाहायचं असतं. हे काम दुसरं आहे, आणि ते उपासनेच्या वेळेत होत नाही.

ते कधी करायचं, याचं उत्तर स्मरणाच्या अभ्यासात सापडतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळचे किती कष्ट वाचतात, हे मोजी. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के कष्ट वाचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१. उपदेश म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण घसरणीची तऱ्हा ओळखीची आहे. सगळ्यात जास्त गळती पहिल्या तासात होते, नंतर ती मंदावते. म्हणजे बुधवारच्या संध्याकाळी वही उघडून 'काय बरं सांगितलं होतं' असं आठवत बसण्यापेक्षा रविवारी, घरी पोचून कपडे बदलायच्या आधी घेतलेली दहा मिनिटं कितीतरी मोलाची.

त्या दहा मिनिटांत काय लिहायचं? सगळा उपदेश नव्हे. चाळीस मिनिटांचा उपदेश उतरवून घेणाऱ्यांच्या वह्या पुष्कळदा सुरेख असतात, मुद्दे, उपमुद्दे, लाल शाईने अधोरेखित केलेले. पण लिहिण्याच्या गडबडीत ऐकणारा स्वतः त्या वचनापुढे उभाच राहिलेला नसतो. माझ्या मते उपासनेत शास्त्रभागाचा संदर्भ आणि फार तर दोन-तीन शब्द टिपावेत, बाकी वेळ ऐकावं. घरी आल्यावर एका पानावर चार ओळी पुरतात. पहिल्या ओळीत शास्त्रभाग. दुसरीत उपदेशाचं सार एका वाक्यात आणि स्वतःच्या शब्दांत. हे वाक्य जमत नसेल, तर आपल्याला दाखला आठवतोय, वचन आठवत नाही असं समजावं आणि शास्त्रभाग पुन्हा वाचावा. पाळकांनी सांगितलेली गोष्ट मनात राहते, ती ज्या वचनासाठी सांगितली ते वचन मात्र राहत नाही, हे फार वेळा होतं. तिसऱ्या ओळीत देवाने काय केलं आहे किंवा तो कसा आहे, एवढंच. चौथी ओळ 'म्हणून मी' या शब्दांनी सुरू करायची.

या चौथ्या ओळीची कसोटी सोपी आहे. शनिवारी रात्री तिच्यापुढे 'झालं' किंवा 'झालं नाही' एवढंच लिहिता आलं पाहिजे. 'म्हणून मी अधिक प्रार्थनाशील होईन' याच्यापुढे काय लिहिणार? त्याऐवजी असं लिहावं: 'म्हणून मी सोमवार ते शुक्रवार सकाळी फोन हातात घेण्याआधी स्तोत्र १०३ मोठ्याने वाचीन, पहिले तीन दिवस चार-चार वचनं, शेवटचे दोन दिवस पाच-पाच.' बावीस वचनांचं स्तोत्र शुक्रवारी पुरं होतं. यात वेळ आहे, जागा आहे, माप आहे, आणि 'फोन हातात घेण्याआधी' ही खूण आहे. पेटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात अशा जर-तरच्या ठरावांबद्दल मांडणी केली: 'अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन' असं आधीच जोडून ठेवलं, तर नुसत्या इच्छेपेक्षा ती गोष्ट हातून घडण्याची शक्यता वाढते. जुन्या मंडळ्यांना हे लेखाशिवायही ठाऊक होतं. झोपेतून उठताच, जेवायला बसताना, दिवा लावताना प्रार्थना करायची, हे सगळे त्याच जातीचे ठराव.

आणि ठराव एकच करावा. एका उपदेशातून पाच निश्चय घेऊन निघालेला माणूस बुधवारपर्यंत पाचही हरवून बसतो. मग त्याला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. खोट त्याच्यात नसते, ओझं जास्त झालेलं असतं.

आता त्या 'म्हणून' या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. माझ्या दृष्टीने सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

पौल रोमकरांस पत्रात अकरा अध्याय देवाची करुणा उलगडून सांगतो आणि मगच बाराव्याच्या सुरुवातीला म्हणतो, 'म्हणून' मी तुम्हांला विनवतो, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. इफिसकरांस पत्रात तीन अध्याय ख्रिस्ताने काय केलं ते सांगून चौथ्यात पाचारणाला शोभेल असं चाला, हे येतं. निर्गमच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञाही 'करू नको'ने सुरू होत नाहीत. 'मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं' हे आधी येतं. सुटका झालेल्या माणसाला आज्ञा दिली आहे. आज्ञा पाळ म्हणजे सुटका करीन, असा तो सौदा नव्हता.

वहीतली तिसरी ओळ रिकामी ठेवून चौथी भरली की हा क्रम उलटा होतो. मग उपदेशाचं आचरण म्हणजे देवापुढे मांडायचा हिशेब होतो. अशा माणसाचा आठवडा बरा गेला तर तो मंडळीत दुसऱ्यांकडे वरून पाहू लागतो. वाईट गेला तर पुढच्या रविवारी त्याला प्रभुभोजनाला जायचीही भीती वाटते. याच्या उलट, तिसरी ओळ भरून चौथी कोरी सोडणारेही पुष्कळ. कृपेवरचा उपदेश ऐकला, मन भरून आलं, आणि भावाशी तीन वर्षं न बोलणं तसंच चालू राहिलं. त्यांनी 'म्हणून'च्या आधीच वाक्य तोडलेलं असतं.

मार्टिन लूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी, पेटरसाठी, प्रार्थना कशी करावी याची छोटी पुस्तिका लिहिली. चांगल्या न्हाव्याने विचार, लक्ष आणि डोळे उस्तऱ्यावर आणि केसांवर ठेवले पाहिजेत, मन भटकलं तर तो गिऱ्हाइकाचं नाक कापील, असं तो त्यात लिहितो. प्रार्थनेतही तसंच लक्ष हवं. मग तो एकेक आज्ञा चार पदरांनी कशी वळायची ते दाखवतो: यात मला शिकवण काय, उपकारस्तुती कशाबद्दल, पापांगीकार कशाचा, आणि मागणं काय. ऐकलेल्या उपदेशालाही हे चार पदर नेमके बसतात. चौथ्या ओळीवर येण्यापूर्वी पाच मिनिटं या चारांतून गेलं, तर ठराव कोरडा राहत नाही. उपकारस्तुतीचा पदर गाळला जातो असा अनुभव अनेकांना येईल. आपण शिकवणीवरून थेट पापांगीकारावर उडी मारतो आणि मग मन थकतं.

एक शास्त्रभाग जवळून पाहू. समजा, उपदेश इफिसकरांस ४:२५-३२ वर झाला. या भागातल्या आज्ञांची घडण पुन्हा पुन्हा सारखीच येते: एक गोष्ट टाकायची, तिच्या जागी दुसरी घ्यायची, आणि त्याला कारण असतं. लबाडी टाका, खरं बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. चोरी करणाऱ्याने चोरी थांबवावी, हातांनी कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला जवळ काही राहील. हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. चोर चोरी करायचा थांबला एवढ्याने पौलाचं समाधान होत नाही, घेणारा हात देणारा झाला पाहिजे.

आता एकोणतिसावं वचन घ्या: तोंडातून कुजकं भाषण निघू नये, तर गरजेप्रमाणे उन्नती होईल असं निघावं, म्हणजे ऐकणाऱ्यावर कृपा होईल. 'म्हणून मी या आठवड्यात नीट बोलीन' हा ठराव मंगळवारी मोडतो, कारण बोलणं बिघडतं कुठे हेच पाहिलेलं नसतं. म्हणून सोमवारी सुधारायचा प्रयत्न करू नये. दिवसभर नुसती नोंद ठेवावी. शब्द कडवट निघाला की कोणाशी, किती वाजता, आणि त्याआधी काय झालं होतं, एवढंच टिपावं. मंगळवारीही तसंच. दोन दिवसांत पानावर काहीतरी दिसू लागतं. बहुतेकांचं कुजकं भाषण दिवसभर सारखं पसरलेलं नसतं, ते ठरावीक घटकेला आणि ठरावीक माणसापाशी बाहेर पडतं. कामावरून परतल्यावर दारातली पहिली दहा मिनिटं. मुलांना शाळेला तयार करण्याची वेळ. म्हाताऱ्या आईने तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली तो क्षण. ती घटका एकदा कळली की बुधवारच्या ठरावाला जागा मिळते: 'कुलपात किल्ली घालण्याआधी दारापाशी थांबून एक लहान प्रार्थना करीन, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य प्रश्न असेल, तक्रार नसेल.' कोणता प्रश्न, तेही आधी ठरवावं. थकलेल्या डोक्याला ऐनवेळी चांगलं वाक्य सुचत नाही.

इथे एक चूक हमखास होते. कुजकं बोलायचं नाही म्हणून माणूस बोलायचंच थांबवतो. घरात दोन दिवस शांतता असते आणि त्याला वाटतं वचन पाळलं जातंय. पण ऐकणाऱ्यावर कृपा व्हावी हा वचनाचा अर्धा भाग तसाच राहिलेला असतो, आणि घरच्यांना ती शांतता रुसवाच वाटते. टाकायचं टाकलं, घ्यायचं घेतलं नाही, की असं होतं.

गुरुवारी कदाचित शब्द जाईलच. तेव्हा क्षमा कशी मागायची, हेही शिकण्याची गोष्ट आहे. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' यात चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यात टाकलेली असते. 'मी थकलो होतो, म्हणून बोललो' यात 'म्हणून' आहे, पण तो आपली बाजू राखणारा 'म्हणून' आहे. त्यापेक्षा साधं वाक्य घ्यावं: 'काल जेवताना मी सगळ्यांसमोर तुला बिनडोक म्हणालो. ते चूक होतं. मला क्षमा कर.' काय केलं त्याचं नाव घ्यायचं, त्याला चूक म्हणायचं, मागायचं आणि गप्प राहायचं. समोरच्याने लगेच 'बरं' म्हणावं अशी अपेक्षा धरू नये. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. त्या माणसाला जी आठवण होते, ती भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्याची. आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे, तो विषय तिथे नाही.

पैशाच्या बाबतीत उपदेश सगळ्यात जास्त हवेत राहतो, आणि शास्त्र मात्र तिथेच सगळ्यात जास्त आकडे देतं. जकातदारांचा मुख्य जक्कय 'मी आता प्रामाणिक होईन' असं म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेलं चौपट परत, असं तो उभा राहून सांगतो. लेवीय सहाव्या अध्यायात फसवून घेतलेली वस्तू परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यायला सांगितलंय, म्हणजे शंभरावर वीस. अनुवाद पंचविसाव्यात पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नयेत असं आहे, एक जड आणि एक हलकं. आजचं जड-हलकं वजन खर्चाच्या खोट्या बिलात असतं, कामाचे तास भरताना असतं, माल दाखवताना एक आणि पाठवताना दुसरा यात असतं. प्रामाणिकपणावरचा उपदेश ऐकला, तर त्या आठवड्यात एकच व्यवहार काढावा, रक्कम लिहावी, ती परत कशी जाईल ते ठरवावं. पाचव्या हिश्शाचा नियम आपल्यावर जसाच्या तसा बंधनकारक नाही. पण भरपाईला आकडा असतो, आणि ती मूळ रकमेपेक्षा थोडी जास्त असावी, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. रक्कम मोठी असेल किंवा त्यात इतरांची नोकरी गुंतलेली असेल, तर पाळकांशी किंवा समंजस वडीलधाऱ्यांशी आधी बोलावं. घाईची कबुली कधी कधी स्वतःचं मन हलकं करते आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकते.

उपदेश ऐकताना मन शेजारच्या बाकाकडे वळतं, याबद्दलही बोललं पाहिजे. 'हे त्याने ऐकायला हवं होतं' हा विचार येतो तेव्हा आपण दावीद राजाच्या जागी असतो. नाथान संदेष्ट्याने गरीब माणसाच्या, श्रीमंताने हिसकावलेल्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद मनापासून संतापला. चौपट भरपाईचा निकालही त्याने दिला. त्याचा न्याय बरोबर होता, पण गोष्टीतला तो माणूस आपणच आहोत हे त्याला कळलं नव्हतं. नवरा-बायकोंत हे विशेष जपावं. घरी परतताना 'आज तुझ्यासाठीच होता उपदेश' असं वाक्य एकदा निघालं, की त्या शास्त्रभागाची त्या घरातली वाट बरेच दिवस बंद होते.

पण घरात उपदेश बोलला जायलाच हवा. योहान क्रिसोस्टम या उपदेशकाने अंत्युखियात मत्तयाच्या शुभवर्तमानावर दिलेल्या उपदेशांत, चौथ्या शतकाच्या अखेरीस, ऐकणाऱ्यांना हेच विनवलं: घरी जाताच दुसऱ्या कामात बुडू नका, पवित्र शास्त्र हातात घ्या, बायकामुलांना बोलवा आणि ऐकलेलं पुन्हा जुळवा. सोळाशे वर्षांनंतरही ही सूचना जुनी झालेली नाही. मुलांना 'काय शिकलास?' असं विचारलं की ती परीक्षा होते, आणि मुलं 'येशू' हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर देऊन मोकळी होतात. 'ऐकताना तुला कुठला भाग पटला नाही?' किंवा 'त्या गोष्टीत तू कोण असतास?' असं विचारावं. आणि आईवडिलांनी आपली चौथी ओळ मुलांपुढे वाचून दाखवावी. बाबांनी या आठवड्यात कोणाची क्षमा मागायची ठरवली आहे, हे मुलाने ऐकलं तर ते त्याच्या मनात जितकं राहतं, तितकं दुसरं काही राहत नाही.

घराबाहेरचा आधारही लागतो. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्ली या उपदेशकाच्या मंडळीवर सभागृहाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असं ठरलं. पैसे आणायला घरोघर जाणाऱ्यांना लोक खरोखर कसे जगताहेत ते दिसू लागलं, कुठे भांडण, कुठे दारू. त्यातून आठवड्याच्या लहान वर्गांची पद्धत उभी राहिली, जिथे प्रत्येकाला त्याच्या आत्म्याची विचारपूस होई. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की ती पद्धत कोणाच्या टेबलावर आखली गेली नव्हती, ती दाराशी उभं राहून सापडली. आज बारा जण जमवणं कठीण वाटत असेल, तर एक माणूस पुरतो. गुरुवारी संध्याकाळी त्याने एवढंच विचारावं, 'चौथ्या ओळीचं काय झालं?' तो माणूस मात्र असा हवा, की ज्याला ऐकलेलं पोटात ठेवता येतं. प्रार्थनेचा विषय म्हणून एकाची गोष्ट दहा जणांत फिरली, तर पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही.

प्रत्येक उपदेशातून हाताने करायचं काम निघेलच असं नाही. पुनरुत्थानावर, त्रैक्यावर, देवाच्या पवित्रतेवर उपदेश झाला तर ओढूनताणून 'म्हणून मी शेजाऱ्याला मदत करीन' लिहू नये. १ थेस्सलनीकाकरांस चौथ्या अध्यायात प्रभूच्या येण्याविषयी सांगून झाल्यावर पौल म्हणतो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तिथे आचरण म्हणजे ते शब्द जवळ ठेवणं, म्हणजे कोणाच्या घरी मृत्यू झाला तर 'देवाची इच्छा' एवढंच पुटपुटून परत यावं लागणार नाही. कधी आचरण म्हणजे नुसती आराधना असते. उपदेश कच्चा वाटला, तरी बिरुयाच्या लोकांचा मार्ग आहेच. त्यांनी पौलाचं बोलणं उत्सुकतेने ऐकलं आणि ते खरं आहे का हे रोज शास्त्रात शोधलं. उत्सुकता आणि शोध, दोन्ही. नुसता शोध घेणारा टीकाकार होतो.

एका ठिकाणी मात्र सावध राहावं. क्षमेवरचा किंवा सहनशीलतेवरचा उपदेश, घरात मार खाणारी बाई किंवा अत्याचार सोसणारं मूल ऐकत असतं तेव्हा, त्यातून 'म्हणून मी परत जाईन, गप्प बसेन' असा ठराव निघू शकतो. तो ठराव चुकीचा आहे. क्षमा करणं आणि पुन्हा धोक्यात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षित जागी जाणं, विश्वासातल्या माणसाला सांगणं, कायद्याची मदत घेणं यात अविश्वास नाही. रोमकरांस तेराव्यात अधिकाऱ्याला वाईट करणाऱ्याविरुद्ध उभा असलेला देवाचा सेवक म्हटलंय. मंडळीतल्या ज्याला हे माहीत आहे, त्याने त्या रविवारी तिच्या शेजारी बसावं.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात वचन ऐकण्यापासून ते हाताने काही करण्यापर्यंतचा सगळा प्रवास तारखांसह दिलेला आहे. सातव्या महिन्याचा पहिला दिवस. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी हे मंदिरसेवक लोकांमध्ये उभे राहून अर्थ समजावतात, लोक रडू लागतात. त्यांना सांगितलं जातं, रडू नका, खा-प्या आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. हे पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख एज्राकडे पुन्हा येतात, वचन अधिक बारकाईने पाहायला. तेव्हा त्यांना मांडवांच्या सणाची आज्ञा सापडते. मग लोक डोंगरावर जाऊन जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या फांद्या आणतात आणि घराच्या धाब्यांवर, अंगणांत, चौकांत मांडव घालतात. आदल्या दिवशी अश्रू होते, त्याच आठवड्या-दोन आठवड्यांत खांद्यावर फांद्या आल्या. यहोशवाच्या काळापासून तसं झालं नव्हतं, असं तिथे लिहिलंय.

आपला आठवडा इतका सरळ जात नाही. बुधवारी ठराव मोडतो, गुरुवारी आठवतच नाही. तेव्हा दोन वाटा दिसतात: पान फाडून टाकणं, किंवा पुढच्या रविवारी दुप्पट मोठा ठराव करणं. दोन्ही सोडाव्यात. १ योहान १:९ वाचून कबुली द्यावी आणि तोच ठराव अर्धा करून उरलेल्या दिवसांना लावावा. पाच सकाळी ठरवल्या होत्या आणि तीन गेल्या, तर दोन उरल्या आहेत. आणि ठराव का मोडला ते एका शब्दात लिहावं, कारण पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी, म्हणजे वचन, वाया जाण्याची कारणं वेगवेगळी आहेत. वाटेवरचं समजलंच नव्हतं म्हणून गेलं, खडकाळीतलं संकट येताच वाळलं, काटेऱ्यांतलं चिंतेने आणि धनाच्या मोहाने गुदमरलं. 'समजलं नव्हतं' असेल तर शास्त्रभाग पुन्हा वाचायचा असतो, 'चिंता' असेल तर प्रार्थना त्या चिंतेचीच करायची असते. सरसकट 'मी कमी पडलो' म्हटल्याने काय उपटायचं तेच कळत नाही.

शनिवारी रात्री, उद्याचे कपडे काढून ठेवताना, वहीचं ते पान पाच मिनिटं उघडावं. चौथ्या ओळीपुढे 'झालं' किंवा 'झालं नाही' लिहावं आणि उद्या ज्यावर उपदेश होणार आहे तो शास्त्रभाग माहीत असेल तर एकदा वाचून ठेवावा. कधी त्या पानावर 'भावाला फोन' एवढंच उरलेलं असतं. साडेनऊच वाजलेले असतात, तो अजून जागा असेल.